चार नंबरवरची तीन अक्षरं

गोदाघाटावरच्या कावळ्यांना फसवणं सोपं नाही. गुरुजींना फसवता येतं, नातेवाइकांना तर आपण रोजच फसवतो, पण रामकुंडाच्या कठड्यावरचा कावळा एकदा मान वाकडी करून बघतो आणि त्याला सगळं कळतं. मेलेल्याचं काय राहिलंय तेही, आणि जिवंतांनी काय दडवलंय तेही. सिंहस्थाच्या आदल्या वर्षी, घाटावर जिकडेतिकडे खोदकाम काढलं होतं तेव्हा, असे सतरा कावळे ओळीने बसून वाल्मीक कंडक्टरकडे बघत होते. सतराच. एसटीत जन्म काढलेला माणूस, त्याला डोकी मोजायची सवयच असते.

दहावं त्याच्या भाच्याचं होतं. शेखर, वय वर्षं बावीस, सायखेड्याच्या पुंजा आणि लंकाबाईचा थोरला. शिकायला म्हणून नाशकात खोली घेऊन राहिलेला. दहा दिवसांपूर्वी मालेगाव स्टँडच्या चढावरच्या सायबर कॅफेतून चहा प्यायला खाली उतरला, आणि रस्ता ओलांडताना भाजीच्या टेम्पोखाली गेला. तसं बघितलं तर सायखेड्यालाही गोदावरीच आहे आणि दहावी तिथंही होतात. पण लंकाबाई म्हणाली, जीव नाशकात अडकला, तर सोडवायचाही नाशकातच.

नऊला पिंड मांडले. साडेनऊ झाले, कावळे जागचे हलेनात.

पुंजा पुढे झाला, हात जोडून म्हणाला, "शेखर, तुझी फटफटी इकत नाय बाबा. पुसून ठेवतो." कावळे गप्प. मग वेदिका, शेखरची धाकटी बहीण, रडत रडत म्हणाली, "दादा, मी बारावी सोडणार नाय, शप्पथ." ओळीतला एक कावळा पाऊलभर सरकला. सगळ्यांनी श्वास रोखला. त्याने पंखाखाली चोच घातली, निवांत खाज काढली आणि परत जागेवर जाऊन बसला. चुलता काळू तर म्हणाला, "तुझी बॅट माझ्याकडं राहिलीय, उद्याच आणून देतो." उद्या कोणाला आणून देणार, हे कोणी विचारलं नाही.

वाल्मीकने एकट्याने सहा वचनं दिली. त्याचा स्वभावच तसा. सिन्नरच्या गाडीत नव्वद माणसं कोंबलेली असताना दाराशी एक्याण्णवावं लटकलं, तर हा घंटीची दोरी धरून म्हणणार, "चढा, चढा, होईल जागा." होईल म्हणायला त्याच्या जिभेला काहीच लागत नसे.

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. "अकरापर्यंत बघू. नाहीच शिवला तर दर्भाचा कावळा करू. शास्त्रात सोय आहे तशी."

"गवताचा कावळा?" लंकाबाई ओल्या पायरीवर बसली होती, तिथूनच बोलली. "माझं लेकरू गवतावर बोळवू? खरा कावळा शिवंस्तोवर मी हितून उठायची नाय. पानी घ्यायची नाय."

ती बोलली म्हणजे झालं. एकदा उताऱ्यावरचं नाव दुरुस्त करून घ्यायला तलाठ्याच्या दारात तीन दिवस बसली होती. चौथ्या दिवशी तलाठी स्वतः चहा घेऊन बाहेर आला. पण तेव्हा अंगात दम होता. आता दहा दिवसांत ती निम्मी झाली होती, ओठांना चिरा पडल्या होत्या. वाल्मीकची ही एकुलती एक आक्का. भाचा तर गेलाच होता. आता बहीणही ह्याच पायरीवर जाते की काय!

वेदिकाने त्याची बाही ओढली. "मामा, दादाच्या मनातलं आपल्याला काय ठाऊक? त्याचं सगळं बोलणं त्या कंप्युटरवर. देशोदेशीची मराठी पोरं एका जागी लिहितात म्हणं, तिथं. काय राहिलं असंल तर तिथंच असंल."

वाल्मीक उठला आणि चढाकडे चालू लागला.

कॅफे भांड्यांच्या दुकानावर होता. लाकडी जिना, वर चपला काढायची पाटी, आत प्लायवूडचे आडोसे लावलेली पाच खोपटी. गल्ल्यावर मोहिनी बसली होती. तिशीची, अंबाड्यात पेन खोचलेली, आणि कॅफेत येणाऱ्या पोरांना मास्तरणीसारखी दमात घेणारी.

"तास का अर्धा तास?" तिने मान वर न करता विचारलं.

"मी शेखरचा मामा."

मोहिनीचा हात थांबला. तिने हळूच कोपऱ्याकडे बोट केलं. "चार नंबर. तिथंच बसायचा. दहा दिवस झाले, कोणी बसत नाही त्यावर. मी कोणाला एका शब्दाने बोलले नाही हं. येतात, चार नंबर रिकामा दिसतो, आणि पाच नंबर मोकळा व्हायची वाट बघत उभे राहतात."

खुर्ची तिरकी होती, बसलेला माणूस अर्धवट वळून उठून जातो तशी.

"मी रोज बंद करताना सरळ करून जाते," मोहिनी म्हणाली. "सकाळी येऊन बघते तर परत तशीच."

वाल्मीकने तो विषय तिथेच सोडला. ज्या गोष्टीला तिकीट फाडता येत नाही तिच्या वाटेला जायचं नाही, हा त्याचा जुना नेम. त्याने घाटावरचं सगळं सांगितलं. मोहिनीने डोळे टिपले आणि उभ्या उभ्याच यंत्र चालू करून ती जागा उघडली. तिथलं लिहिणं कोणालाही वाचता येतं, म्हणाली, फक्त ते समजलं पाहिजे.

समजणं कठीणच होतं. मराठी, पण लिपी इंग्रजी, आणि मधे मधे तीन-चार अक्षरांचे तुकडे, जसे काही कोणी शब्दांची नुसती शेंडी धरून ओढलीय. वाद चालला होता चिवड्यात मनुका घालाव्यात की नाही यावर. शेखर मनुकांच्या बाजूने एकटा लढत होता.

"हे बघा मामा. एल ओ एल. म्हणजे मोठ्याने हसलो."

"आणि हे लांबडं? आर ओ एफ काय काय?"

"हसून हसून जमिनीवर लोळलो."

"चिवड्यावरून?"

"इथं कशावरूनही लोळतात. हे आय एम एच ओ. म्हणजे माझ्या अल्पमतीप्रमाणे."

"शेखऱ्या असं लिहायचा?" वाल्मीकला हसावं की रडावं कळेना. "घरी कधी अल्प काय, मतीचा बी पत्ता नव्हता."

"ए एफ के, म्हणजे कळफलकापासून दूर आहे. बी टी डब्ल्यू, म्हणजे बरं का, जाता जाता सांगतो." मोहिनीला रंग चढला. "सुरुवातीला मीही चक्रावले होते. शेखरनेच शिकवलं मला हे सगळं, इथं उभा राहून."

वाचता वाचता ते तळाशी आले. शेखरच्या नावावरचा शेवटचा मजकूर. तारीख तो गेला त्याच दिवसाची, वेळ चार वाजून दहा मिनिटं. बाकी काही नाही, नुसती तीन अक्षरं: बी आर बी. त्याच्याखाली इतरांच्या हाका. कुठे गेलास? मनुका आणायला गेला काय रे? शेखर? मग नुसतीच प्रश्नचिन्हं, एकाखाली एक, दहा दिवसांची.

"आणि हे?" वाल्मीकने विचारलं.

"ते होय? ते म्हणजे—"

"ओ मॅडम!" दोन नंबरातून कोणीतरी ओरडलं. "सगळं अडकलंय इथं! माझा अर्ज गेला वाटतं!"

"आले, आले! मामा, एक मिनिट हं."

वाल्मीककडे एक मिनिट नव्हतं. भिंतीवरचं घड्याळ अकराला दहा कमी दाखवत होतं. त्याने खिशातलं जुनं तिकीट काढलं, पाठीमागे तीन अक्षरं उतरवली आणि जिना उतरला. अर्थ काय करायचाय? ज्याची इच्छा त्याला अर्थ ठाऊक. आपण नुसतं हो म्हणायचं. अर्ध्या वाटेवर तळव्यांना डांबर भाजलं तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की चपला वरच राहिल्या.

घाटावर गुरुजी दर्भाच्या काड्या जुळवत होते. लंकाबाईचे डोळे मिटले होते. वाल्मीक पिंडापुढे उभा राहिला, तिकीट डोळ्यांजवळ धरलं, आणि बस स्टँडवर गाडी पुकारावी तशा खणखणीत आवाजात म्हणाला, "शेखर! तू शेवटी लिहिलंस ते बी आर बी. जे काय असंल ते असंल. तू म्हणतोस तसंच होईल. मामाचा शब्द!"

सतराच्या सतरा कावळे एकदम उठले.

एक नाही, दोन नाहीत, सगळे. काव नाही, भांडण नाही. पिंडांवर काळा पदर पडल्यासारखं झालं आणि पदर उचलला तेव्हा शीतही उरलं नव्हतं. बायकांनी हंबरडा फोडला, पुंजा मटकन खाली बसला, गुरुजींनी काड्या टाकून हात जोडले. वेदिकाने आईच्या ओठांना तांब्या लावला. लंकाबाई पाणी प्यायली. वाल्मीकला वाटलं, आपल्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गाडी आपण वेळेवर सोडली.

फक्त एक गोष्ट त्याला खटकली. खाऊन झाल्यावर कावळा उडून जातो. हे उडाले नाहीत. परत कठड्यावर गेले, नदीकडे पाठ केली आणि सगळेच्या सगळे मालेगाव स्टँडच्या चढाकडे बघत बसले. ओळखीचं कोणी चढ चढून जावं आणि ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहावं, तसे.

चपला आणायच्या म्हणून तो परत कॅफेकडे गेला. मोहिनी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होती.

"पळालात कुठे मामा?"

"शिवला ताई! एक नाय, सतरा शिवले. तुमचे लय उपकार."

"अगंबाई! काय कबूल केलंत?"

"तेच की. बी आर बी. म्हटलं, तसंच होईल."

मोहिनी तिथंच पायरीवर बसली. तिच्या तोंडावरचा रंग हळूहळू उतरला. "मामा, ती काही इच्छा नसते हो. जागेवरून उठताना लिहितात ते. म्हणजे, आलोच. लगेच परत येतो, माझी वाट बघा. आणि तुम्ही पिंडापुढे उभं राहून त्याला म्हणालात, तसंच होईल."

खाली रस्त्यावर रिक्षांचे हॉर्न वाजत होते, भांड्यांच्या दुकानात कोणीतरी पितळी घागर ठोकून बघत होतं. भर अकराचं ऊन. आणि त्या उन्हात वाल्मीकच्या पाठीवरून थंड पाण्याची धार गेली.

दोघं आत आले. चार नंबरची खुर्ची सरळ होती. पडद्याकडे तोंड करून, टेबलाला अगदी लावून.

"मी हात लावला नाही," मोहिनी कुजबुजली.

पडद्यावर प्रश्नचिन्हांच्या खाली एक नवी ओळ होती. नाव शेखरचं. वेळ दहा वाजून अठ्ठावन्न मिनिटं. *आलो. चहा नाही मिळाला.*

"कोणीतरी टवाळी करतंय," वाल्मीक म्हणाला.

मोहिनीने ओळीखालचे बारीक आकडे दाखवले. "कुठल्या जागेवरून लिहिलं ते इथं येतं. आकडे आमचेच आहेत. आणि मगाशी तो दोन नंबरवाला वैतागून गेला, तेव्हापासून इथं मी एकटी आहे."

वाल्मीक खुर्चीत बसला नाही. बाजूला वाकून, एका बोटाने, मोहिनी दाखवेल ती अक्षरं दाबत त्याने लिहिलं: मी मामा.

पंख्याची घरघर ऐकू येत होती. मग ओळ उमटली. *ओ एम जी.*

"अरे देवा, असं म्हणतोय," मोहिनीने अर्थ लावला.

*मामा तुम्ही इथे? एल ओ एल.*

हे मात्र वाल्मीकला सांगावं लागलं नाही. तो हसत होता. दहा दिवसांपूर्वी ज्याला स्वतः खांदा दिला, तो पोरगा मोठ्याने हसत होता, आणि आवाज कुठेच नव्हता.

*किती वेळ टपरीवर उभा आहे,* पुढची ओळ आली. *टपरीवाला माझ्याकडे बघतच नाही. रस्त्यावर गर्दी झालीय, सगळे खाली वाकून कायतरी बघतायत. आईला सांगा, आज घरी येतो जेवायला.*

"मामा," मोहिनी पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, "त्याला माहीतच नाहीये."

वाल्मीकला सायखेड्याचं घर दिसलं. संध्याकाळचं ताट. आणि दार ढकलून आत येणारा कोण, कसा, कुठल्या अंगाने? त्याने जन्मभर दिलेल्या वचनांतलं हे पहिलंच असं, की जे खरोखर पाळलं जाणार होतं.

जिना वाजला. लंकाबाई वेदिकाच्या खांद्यावर हात टाकून वर येत होती. लेकरू बसायचं ती जागा एकदा बघायची, एवढंच तिच्या मनात होतं. पण भावाचं तोंड बघितलं आणि ती दारातच थांबली.

"काय झालं रं?"

"काय नाय, आक्का. चला, गाडी—"

"वाल्मीक." ती फक्त नाव घेत असे, तेव्हा पुढचं खोटं त्याच्या घशातच राही. तिने खुर्चीकडे पाहिलं, मग पडद्याकडे. तिला अक्षर वाचता येत नव्हतं. "तो हाय का हितं?"

मोहिनी पडद्यापुढून बाजूला सरकली.

"पोरी, तू वाच," ती मोहिनीला म्हणाली. "काय म्हनतो माझा?"

मोहिनीने वाचलं. चहा, टपरी, गर्दी, जेवण. वाल्मीकने खाली मान घालून आपला शब्दही सांगून टाकला. वेदिका आईच्या कमरेला मिठी मारून ओरडली, "आई, येऊ दे ना त्याला! मामानं शब्द दिलाय! येऊ दे!"

लंकाबाईचा हात खुर्चीच्या पाठीवर गेला, बोटांनी चाचपडला, आणि मागे आला.

"येईल," ती म्हणाली. "मी बी दार उघडीन. ताट वाढीन. मंग? सकाळी परत चहाला उतरंल, आन् परत टेम्पो येईल. रोज येईल. माझ्यासाठी त्यानं रोज मरायचं?"

ती मोहिनीकडे वळली. "लिही. म्हनावं, आई बोलती. जेवन झालंय. तुझ्या वाट्याचं कावळ्यांनी खाल्लं, शीत ठेवलं नाय. ती गर्दी तुझ्यासाठीच हाय बाबा, तू वाकून बघू नको. टेम्पो येऊन गेला. तू गेलास." तिचा आवाज फुटला, पण थांबला नाही. "मामाला कळलं नव्हतं, त्याचा शब्द म्या मागं घेतला. घरी यायचं नाय. आमी वाट बघत नाय."

शेवटचं वाक्य खोटं होतं, हे खोलीतल्या सगळ्यांना कळलं. पडद्याला कळलं नसावं.

मोहिनी लिहीत होती आणि तिची आसवं कळांवर पडत होती. मग सगळे थांबले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. पडदा तसाच. वेदिकाने डोळे गच्च मिटले होते.

शेवटी एकच अक्षर उमटलं. *के.*

"म्हणजे?" वाल्मीकने विचारलं.

"म्हणजे, बरं."

"घरात बी येवढंच बोलायचा," लंकाबाई म्हणाली, आणि दहा दिवसांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं. "त्योच हाय."

त्याखाली आलं, *जी टू जी.* मोहिनीने सांगितलं, निघायला हवं, असा त्याचा अर्थ. नंतर काही आलं नाही. वाल्मीकने कान देऊन ऐकलं. पंख्याशिवाय कशाचाच आवाज नव्हता.

लंकाबाईने चार नंबरची खुर्ची ओढली आणि तिच्यावर बसली. पदराने पडद्यावरची धूळ पुसली. "बंद कर आता," ती म्हणाली.

मोहिनीने हात पुढे केला आणि तसाच हवेत ठेवला. पडद्यावर आणखी एक ओळ आली होती. नाव वेगळंच, तिथल्या कोणाचं तरी. *काकू, माझं पण सांगा ना. मी पण आलोच म्हणून उठलो होतो.*

तिने घाईघाईने मागचं चाळलं. त्या नावाचा शेवटचा मजकूर दीड वर्षापूर्वीचा. तीच तीन अक्षरं, आणि त्याच्याखाली हाका. ती वर बघते तोवर आणखी एक ओळ आली होती, आणखी एका नावाची. मग आणखी एक. *काकू.* *काकू, ऐकता ना?*

"ताई, तार उपसा, तार!" वाल्मीक ओरडला आणि भिंतीकडे धावला.

"हात लावू नको," लंकाबाई म्हणाली. "किती झाले, पोरी?"

"सात. नाही, आठ. अजून येतायत."

लंकाबाईने खुर्ची आणखी पुढे ओढून घेतली. "पहिल्याला इचार, कुठल्या गावचा."

मोहिनीने विचारलं. उत्तर यायला वेळ लागला नाही. दीड वर्ष तो कोणीतरी विचारायचीच वाट बघत होता.

"सटाणा," तिने वाचलं.

"त्याच्या आईला आणाया पायजे. हे काम दुसऱ्याच्या आईनं करायचं नसतं." लंकाबाईने भावाकडे मान वळवली. "वाल्मीक, सटाण्याची गाडी कितीला हाय?"